एकेक माईक दमदार, सगळे एकत्र लावले की ड्रम पातळ: घरच्या रेकॉर्डिंगमधली फेजची कटकट

किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच ऐकला, तर छातीत बसतो. स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला ड्रम, सोलो केला तर फटका स्वच्छ ऐकू येतो, ओव्हरहेडमध्ये, म्हणजे किटच्या वर लावलेल्या माईकमध्ये, सिंबलही छान खुलतात. मग सगळे फेडर वर घेतले की किकचा तळ गायब, स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा, आणि एकूण आवाज वाढवावा तर वाढतो फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. घरी ड्रम रेकॉर्ड करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. एकदा मिटली तरी पुढच्या सेशनला ती परत हजर होते, कारण मधल्या काळात स्टँड हललेले असतात, केबल बदललेल्या असतात, किट अर्धा फूट सरकलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण इक्यू, म्हणजे आवाजातला ठरावीक पट्टा चढवायचं-उतरवायचं साधन, उघडतात. स्नेअरला २०० हर्ट्झला ६ डीबी चढवतात, फरक पडत नाही, मग आणखी ३ डीबी. शेवटी नवा माईक घ्यायचं ठरतं. पण दोन माईक एकमेकांचा आवाज खोडत असतील तर खोडला गेलेला भाग इक्यूने उगवत नाही. आधी फेज, म्हणजे दोन माईकमधल्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात की एकमेकींच्या उलट, मग किटचं ट्यूनिंग, मग खोली आणि प्लगइन सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवला तर एका संध्याकाळी काम होतं.

पुढची आकडेमोड एका ठरावीक मांडणीला धरून आहे: १० बाय १२ फुटांची खोली, साडेनऊ फुटांवर छत, २२ इंची किक, १४ इंची स्नेअर, १२, १३ आणि १६ इंची टॉम. माईक संगणकाला जोडणारा इंटरफेस ८ इनपुटचा. किकला एक माईक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, तीन टॉमना तीन, आणि ओव्हरहेड दोन. इनपुट चारच असतील तर किक, स्नेअर वरचा आणि दोन ओव्हरहेड एवढेच लावा. माईक जितके कमी, तितकी भांडणं कमी, आणि चार माईकवर नीट बसलेलं किट आठ माईकवरच्या गोंधळापेक्षा केव्हाही बरं.

दोष फेजचाच आहे ना?

मास्टर मोनो करा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐका. हे टाळू नका, कारण ओव्हरहेड डावी-उजवीकडे पसरलेले असताना खोडाखोड लपून राहते आणि गाणं फोनच्या स्पीकरवर गेलं की उघडी पडते. आता फक्त दोन ओव्हरहेड ऐका. त्यात स्नेअरला थोडी तरी बॉडी आहे का ते लक्षात ठेवा. मग स्नेअरचा जवळचा माईक हळूहळू वर आणा. फेडर वर जाताना स्नेअर जाड व्हायला हवा. तो मोठा होतोय पण पातळ होतोय, किंवा एका टप्प्यावर उलट मागे जातोय असं वाटलं, तर निदान झालं. स्नेअरच्या माईकचं पोलॅरिटी बटण, म्हणजे लहर उलटी करणारं, शून्यावर तिरकी रेघ असलेलं ते चिन्ह, दाबा. बहुतेक सगळ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ते ट्रॅकवर किंवा एखाद्या साध्या गेन प्लगइनमध्ये सापडतं. बटण दाबल्यावर पोट परत आलं तर प्रश्न दोन माईकच्या नात्याचा आहे, माईकच्या दर्जाचा नाही.

दोन्ही स्थितींत आवाज तितकाच पातळ राहिला तर मात्र स्नेअरचं कातडं, खोली किंवा माईकची जागा बघायला लागेल. ते पुढे येतंच.

केबल तपासायला दोन मिनिटं

आपल्याकडे बऱ्याच एक्सएलआर केबल दुकानात किंवा घरी डाग देऊन बनवलेल्या असतात. त्यात एका टोकाला पिन २ आणि ३ ची अदलाबदल झालेली असणं अगदी नेहमीचं. गंमत अशी की अशी केबल एकटी वापरली तर काहीच कळत नाही. आवाज येतो, पातळी बरोबर असते, फँटम पॉवरही, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, पोहोचते, कारण तिचे ४८ व्होल्ट दोन्ही पिनांवर सारखेच असतात. दुसरा माईक लागला की मगच घोटाळा समोर येतो, आणि तोही केबल जशी फिरेल तसा: आज स्नेअरवर, उद्या डाव्या ओव्हरहेडवर. ‘मागच्या वेळी हीच मांडणी मस्त वाजली होती’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच केबल असते.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. नर टोकाची पिन १ मादी टोकाच्या १ शी, २ दोनशी, ३ तीनशी बोलली पाहिजे, आणि आडवं कुठेच बीप होता कामा नये. मल्टिमीटर नसेल तर एकाच मॉडेलचे दोन माईक जाळीला जाळी लावून शेजारी धरा, समोर ‘हॅलो’ म्हणा आणि दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मोनोत ऐका. आवाज दुप्पट भरला तर ठीक. तो पोकळ होऊन जवळजवळ नाहीसा झाला तर दोन्हींपैकी एक केबल उलटी आहे. तिच्यावर लाल टेप लावून ती बाजूला टाका आणि सवडीने डाग काढून दुरुस्त करा.

९० सेंटिमीटरचा हिशेब

आता मूळ कारणाकडे. आपल्या हवामानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४.५ सेंमी. स्नेअरचा जवळचा माईक कातड्यापासून ५ सेंमीवर आहे, ओव्हरहेड ९० सेंमीवर. फरक ८५ सेंमी, म्हणजे तोच फटका ओव्हरहेडला सुमारे २.४६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये आवाजाची सेकंदाला ४८ हजार वेळा नोंद होते. अशी एकेक नोंद म्हणजे सॅम्पल, आणि हा उशीर ११८ सॅम्पलचा झाला.

२.४६ मिलिसेकंद म्हणजे साधारण २०३ हर्ट्झच्या लहरीचा बरोबर अर्धा फेरा. एका माईकमध्ये लहर वर जात असते तेव्हा दुसऱ्यात खाली. दोन्हींची पातळी सारखी असेल तर त्या जागी मोठा खड्डा पडतो, आणि पुढचे खड्डे ६१० व १०१५ हर्ट्झच्या आसपास. आता १४ इंची स्नेअरचा मूळ स्वर कुठे असतो? ट्यूनिंगनुसार १५० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे जगभर सर्रास वापरलं जाणारं ‘स्नेअरच्या वर तीन फूट’ हे अंतर नेमकं स्नेअरच्या पोटावर खड्डा पाडतं. माईक महाग असो की स्वस्त, हिशेब तोच.

पोलॅरिटी उलटी केली की चित्र फिरतं: २०३ हर्ट्झला भर पडते आणि खड्डे ४०६ व ८१० च्या आसपास सरकतात. ४०० हर्ट्झचा पट्टा तसाही खोक्यासारखा वाजणारा, तो थोडा गेला तर वाईट वाटत नाही. त्यामुळेच ते बटण दाबल्यावर एकदम जादू झाल्यासारखं वाटतं. पण लक्षात ठेवा, बटण फक्त लहर उलटी करतं, उशीर तसाच राहतो. ओव्हरहेड ९० ऐवजी १२० सेंमीवर नेला की फरक ११५ सेंमीचा होतो, खड्डा १५० हर्ट्झवर येतो, आणि २०० हर्ट्झला ट्यून केलेल्या स्नेअरसाठी मागच्या वेळचं उत्तर या वेळी चालेलच असं नाही. म्हणून प्रत्येक सेशनला मोजायचं.

सुतळी लावून ओव्हरहेड बसवणं

मोजायला टेप नको, न ताणली जाणारी सुतळी हवी, सुमारे अडीच मीटर. आणि दोन माणसं.

ड्रमर उजव्या हाताचा आहे असं धरू. पहिला ओव्हरहेड स्नेअरच्या मध्याच्या सरळ वर, दोन काठ्यांच्या उंचीवर. नेहमीची ५ए काठी १६ इंचांची, म्हणजे ३२ इंच, ८१ सेंमी. माईकचं तोंड स्नेअरकडे. आता सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं किकच्या हूपवर, जिथे बीटर आपटतो त्याच्या बरोबर वर. मधली सुतळी ताणून पहिल्या माईकच्या जाळीपर्यंत न्या आणि जाळीला टेकते तिथे चिमटीत पकडा. चिमूट न सोडता सुतळी ताणलेलीच ठेवून ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या वर, किंचित मागे फिरवा. चिमूट जिथे थांबते तिथे दुसऱ्या माईकची जाळी. त्याचंही तोंड स्नेअरकडे. दोन्ही माईक आता स्नेअरपासून सारख्या अंतरावर आणि किकपासूनही सारख्या अंतरावर आहेत. स्नेअर आणि किक दोन्ही मधोमध ऐकू येतात आणि दोन ओव्हरहेडचं आपसातलं भांडण मिटतं. या पद्धतीला रेकॉर्डरमॅन म्हणतात.

हिचं जरा मोठ्या खोलीतलं भावंड म्हणजे ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी: एक माईक स्नेअरच्या सुमारे मीटरभर वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटच्या दिशेने बघणारा, दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर. १० बाय १२ मध्ये फ्लोअर टॉमच्या पलीकडे लगेच भिंत असते, म्हणून इथे रेकॉर्डरमॅनच बरी. एक अडचण मात्र येते. माईक खाली आल्यामुळे क्रॅश जोरात ऐकू येतो आणि उत्साही ड्रमरची काठी माईकला लागू शकते. क्रॅश दोन-तीन इंच खाली घ्या. स्टँडचा बूम ड्रमरच्या मागून आणा, पुढून नको.

पोलॅरिटी कोणत्या क्रमाने

ओव्हरहेड हा पाया. त्यांना आधी जे फिल्टर लावायचे ते लावून टाका, कारण लो-कट फिल्टर स्वतःच फेज सरकवतो. पोलॅरिटी ठरवून झाल्यावर १५० हर्ट्झला २४ डीबीचा तीव्र लो-कट लावला की आधीची सगळी मेहनत वाया. ८० हर्ट्झला १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह पुरे.

मग किक. तर्क असा: बीटर कातडं आत ढकलतो, आतल्या माईकवर दाब येतो, म्हणजे त्याची पहिली लहर वर जाते. ड्रमरच्या बाजूला असलेल्या ओव्हरहेडसाठी मात्र तेच कातडं दूर जातंय, म्हणून तिथे पहिली लहर खाली. वर अंतराचा उशीर वेगळाच. त्यामुळे किकचं बटण दाबावं लागणं अपेक्षितच आहे, त्यात काही चुकलं असं नाही. दोन्ही स्थिती सारख्या पातळीवर ऐका आणि ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात जास्त वजन ज्यात आहे ती ठेवा. छोट्या डेस्कटॉप स्पीकरवर हे कळत नाही, बंद प्रकारचा हेडफोन घाला.

किक ठरली की स्नेअरचा वरचा माईक, मग खालचा. खालच्याची तुलना आधी फक्त वरच्याशी करा. काठीचा फटका बसला की दोन्ही कातडी एकाच दिशेने, खाली जातात. वरचा माईक त्यांना दूर जाताना बघतो, खालचा जवळ येताना. म्हणून खालचा जवळजवळ नेहमीच वरच्याच्या उलट ठेवावा लागतो. पुढे वरच्याचं बटण बदललं तर खालच्याचंही सोबत बदला. हे विसरल्यामुळे पुन्हा सगळं पातळ झाल्याच्या तक्रारी फार असतात. किक आणि स्नेअर दोघांनाही उलटं हवं असेल तर त्यांना तसंच राहू द्या आणि दोन्ही ओव्हरहेड उलटे करा. परिणाम एकच. टॉम शेवटी, एकेक.

ट्रॅक सॅम्पलच्या हिशेबाने सरकवून ओव्हरहेड स्नेअरशी तंतोतंत जुळवता येतो: वरच्या उदाहरणात ओव्हरहेड ११८ सॅम्पल डावीकडे, म्हणजे वेळेत आधी. फटका जाड होतो यात शंका नाही. पण किक ओव्हरहेडपासून जरा जास्त लांब असते, तिचा उशीर वेगळा, टॉमचा त्याहून वेगळा. एक सरकवणं सगळ्यांना पुरत नाही. शिवाय तो अडीच मिलिसेकंदांचा उशीर कानाला खोलीचा अंदाज देत असतो, तो काढला की किट तोंडावर आल्यासारखं होतं. आमचं मत: सुतळी नीट लावली असेल तर सरकवू नका. चुकीच्या जागी ठेवलेल्या माईकवर रेकॉर्ड झालंच असेल तर जरूर सरकवा.

हाय-हॅट स्नेअरच्या ट्रॅकमध्ये घुसतो

फेज सुधारल्यावर लगेच दिसणारी दुसरी तक्रार. स्नेअर वर घ्यावा तर हाय-हॅट डाव्या कानात किंचाळतो.

इथे माईकचा पॅटर्न माहीत असायला हवा. शूर कंपनीचा एसएम५७ हा माईक कार्डिऑइड आहे, तो सरळ पाठीमागे, १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून त्याची शेपूट, म्हणजे केबलची बाजू, हाय-हॅटकडे. बीटा ५७ए आणि त्याच्यासारखे सुपरकार्डिऑइड माईक मात्र पाठीमागून थोडं ऐकतातच. त्यांची बहिरी जागा सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे तिरकी मागे असते. अशा माईकची शेपूट सरळ हाय-हॅटवर रोखली तर हॅट उलट जास्त येतो. महागडा माईक घेतला आणि ब्लीड, म्हणजे शेजारच्या वाद्याचा घुसणारा आवाज, वाढलं, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. माईक ४०-५० अंश फिरवून बघा.

माईकचं तोंड रिमच्या दोन बोटं वर, कडेपासून एक-दीड इंच आत, मध्याकडे रोखलेलं. हाय-हॅट दोन-तीन इंच उंच करा. हॅट बंद होताना बाहेर फेकली जाणारी हवा थेट माईकवर येत असेल तर प्रत्येक पायाला ‘फुस्स’ ऐकू येतं, तेही उंची बदलल्यावर जातं. आणि एक सांगायला अवघड गोष्ट: स्नेअर हळू आणि हॅट जोरात वाजवणाऱ्या ड्रमरला कुठलाही गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन, वाचवू शकत नाही. हॅटवर काठीच्या खांद्याऐवजी टोक वापरायला सांगा. सांगताना गोड बोला.

किकचा तळ तरीही नाही

मोनोत सगळं जुळलं, किक एकटीही पोकळच वाजते. मग माईक कुठे आहे ते बघा. पुढच्या कातड्याच्या भोकातून आत, बीटरपासून दोन-तीन इंचांवर असेल तर फक्त टिचकी मिळते. भोकाच्या तोंडाशी आणला तर तळ मिळतो, पण नेमका भोकाच्या मधोमध ठेवला तर हवेचा झोत पडद्यावर आदळतो आणि प्रत्येक फटक्याला फडफड येते. बीटरपासून ६ ते ८ इंच, किंचित तिरका, शेलच्या मध्यरेषेपासून थोडा बाजूला ठेवून सुरुवात करा. आत उशी कोंबलेली असेल तर ती बीटरच्या कातड्याला फक्त स्पर्श करेल एवढीच ठेवा. अर्धं शेल भरून टाकलं की उरतो पुठ्ठ्याचा आवाज.

खोलीचाही वाटा आहे. १० फुटांच्या भिंतींमध्ये पहिली स्थिर लहर ५७ हर्ट्झच्या आसपास, १२ फुटांत ४७, साडेनऊ फूट उंचीत ६०. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५७ आणि ६० एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि २२ इंची किकचा स्वर नेमका तिथेच. अशा खोलीत एका जागी किक घुमते, दीड फूट बाजूला हरवते. किट भिंतीला समांतर मधोमध मांडू नका, कोपऱ्यातही नको. फूट-दीड फूट सरकवून, प्रत्येक जागी आठ फटके रेकॉर्ड करून तुलना करा. फुकटातला सर्वात मोठा फरक इथेच मिळतो.

छत, पंखा, फरशी

ओव्हरहेड उंच नेऊन छतापासून ३० सेंमीवर ठेवला तर छतावरून परत येणारा आवाज ६० सेंमी जास्त चालून त्याच माईकमध्ये पडतो. खड्डा २८७ हर्ट्झला, आणि त्याच्या विषम पटींना वरपर्यंत. सिंबल नळीतून वाजल्यासारखे येतात ते यामुळे. रेकॉर्डरमॅनमध्ये माईक खाली असल्याने हा त्रास कमी होतो. तरीही किटच्या वर २ बाय ४ फुटांचे दोन पॅनेल टांगा: घनमीटरला ४८ किलो घनतेचा ४ इंच जाड रॉकवूल, प्लायची चौकट, वरून मांजरपाट, छतापासून ३-४ इंच अंतर. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी फक्त वरचा आवाज किंचित मरतो आणि खालचा जसाच्या तसा राहतो. फरशीवर जाड सतरंजी, किकखाली रबर मॅट, नाहीतर किट दर टेकला पुढे सरकतं आणि मोजलेलं अंतर बिघडतं.

पंखा बंद. वाऱ्याच्या घरघरीमुळे तर आहेच, पण पाती फिरताना छताकडून येणारा आवाज कापत राहतात. मिनिटाला ३०० फेरे आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला १५ वेळा. लांब वाजणाऱ्या क्रॅशमध्ये थरथर ऐकू येत असेल तर प्लगइनमध्ये शोधू नका, वर बघा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे हे मान्य. दोन टेकच्या मध्ये लावा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या किकला खडखडतात, फटीत घडी केलेला कागद किंवा फोमची पट्टी सारा.

स्नेअरची भुणभुण

फटक्यानंतर एकच स्वर लांबत राहतो आणि थोडा हेलकावतो? तो हेलकावा म्हणजे लगमधला, म्हणजे कातडं ताणून धरणाऱ्या स्क्रूंमधला, तणाव असमान असल्याची खूण. तारा सोडा, स्नेअर उशीवर ठेवा म्हणजे खालचं कातडं गप्प राहील, आणि प्रत्येक लगपासून एक इंच आत काठीच्या टोकाने हलकी टिचकी मारून ऐका. सगळीकडे एकच स्वर यायला हवा. किल्ली समोरासमोरच्या लगना पाळीपाळीने, एका वेळी पाव वळण. वाजवून मधोमध पांढरा लेप उडालेलं, खळगा पडलेलं कातडं मात्र जुळत नाही, ते बदला. पाऊण तास किल्ली फिरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. त्यानंतरही थोडी भुणभुण राहिली तर कडेला जेलचा एक तुकडा. तीन तुकडे लावले की स्नेअर मरतो आणि मग लोक पुन्हा इक्यूकडे वळतात.

टॉम वाजवल्यावर स्नेअरच्या तारा गुणगुणत असतील तर १२ इंची टॉम आणि स्नेअर यांचे स्वर फार जवळ आलेत. टॉमचा स्वर थोडा खाली घ्या, किंवा खालच्या कातड्यावर तारांच्या दोन्ही टोकांशेजारच्या लगा किंचित सैल करा.

लाल दिवा

साउंडचेकला ड्रमर हात राखून वाजवतो. टेकमध्ये तो हमखास काही डीबी जोरात असतो. म्हणून गाण्यातला सर्वात जोराचा भाग वाजवून घ्या आणि तेव्हा शिखर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये याने काही गमावत नाही. गेन पूर्ण खाली असतानाही स्नेअर क्लिप होत असेल, म्हणजे आवाज मर्यादेपलीकडे जाऊन फाटत असेल, तर इंटरफेसचा पॅड, म्हणजे पातळी कमी करणारं बटण, दाबा. पॅड नसेल तर केबलच्या मध्ये २० डीबीचा एक्सएलआर अॅटेन्युएटर लावा. पॅसिव्ह अॅटेन्युएटर फँटम पॉवरवाल्या माईकला लावू नका, बरेचसे ती अडवतात. सॉफ्टवेअरमधला फेडर खाली ओढून क्लिपिंग जात नाही, प्रीअॅम्पमध्ये फाटलेला फटका फाटलेलाच राहतो.

गूं आणि तडतड

५० हर्ट्झची गूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि बोर्डाचं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेची असते. अर्थची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ मात्र करू नका, त्यात जिवाचा धोका आहे. इन्व्हर्टरवर असताना गूं ऐवजी करकर येते. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट येईपर्यंत टेक थांबवलेला बरा.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्याकडे, कंडेन्सर ओव्हरहेड अधूनमधून तडतडतात किंवा बुडबुड्यासारखा आवाज करतात. कॅप्सूलवर दमट हवेचा थर बसून वीज गळते. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात एक दिवस ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. हेअर ड्रायर लावू नका.

टेक होऊन गेलाय आणि ड्रमर परत येणार नाही

मोनो करा. ओव्हरहेडमध्ये स्नेअरचा एकटा पडणारा एखादा फटका शोधा, दोन्ही ट्रॅकवर झूम करून पहिल्या चढणीमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा आणि दोन्ही ओव्हरहेड एकत्र तेवढे डावीकडे, म्हणजे वेळेत आधी सरकवा. दोन ओव्हरहेड एकमेकांशी जुळत नसतील तर आधी तेच जुळवा. मग वरच्याच क्रमाने पोलॅरिटी. टॉमच्या ट्रॅकमध्ये टॉम वाजत नाही तिथला भाग कापून टाका. फटक्याच्या आधी १० मिलिसेकंदांचा फेड, मागे आवाज विरेपर्यंत जागा. तीन टॉम माईक पूर्ण गाणंभर उघडे राहिल्यानेच सिंबल अर्धे धुऊन निघतात. एवढं करूनही स्नेअरला पोट येत नसेल तर त्याच सेशनमध्ये, त्याच स्नेअरचा, फक्त जवळच्या माईकवरचा एक चांगला फटका निवडा, त्याचा सॅम्पल, म्हणजे प्रत्येक फटक्यासोबत वाजवायची प्रत, करा आणि मूळ ट्रॅकखाली ३० ते ४० टक्के मिसळा. सॅम्पलचीही पोलॅरिटी तपासायची असतेच.